गॅरेजमधली पहिली पक्षकार

गाडी गॅरेजमधून काढून बाहेर उन्हात उभी केली आणि दादांचा चेहराच उतरला. वाटणीच्या वेळी धाकट्या भावाला मागच्या दोन खोल्या हसत सोडणारा हा माणूस, पण गाडीवर ऊन पडलेलं काही त्यांना बघवेना. सकाळपासून ते पुन्हापुन्हा बाहेर जाऊन तिच्यावरची चादर सारखी करून येत होते.

“एका दिवसापुरतंच ना हे?” त्यांनी धाकटीला विचारलं.

“दर रविवारी, दादा. बोर्डावर लिहिलंय तसं.”

दादांनी मान वर करून बोर्ड वाचला. तो त्यांनीच रंगवून घेतला होता. वकील वडिलांचं, म्हणजे आबांचं, नाव एवढं मोठं की रस्त्यापलीकडून दिसावं. त्याखाली ‘गरजूंना मोफत कायदेशीर मदत’. आणि ‘दर रविवारी’ हे शब्द कोपऱ्यात, रंगाऱ्याला जागा उरली तिथे.

धाकटी म्हणजे घरची धाकटी सून. दादांसारखी तीही वकील. लग्न झाल्यापासून दादांच्या ऑफिसात आतल्या टेबलाशी बसायची आणि दादांचे अर्ज लिहायची. दादा ते कोर्टात भारदस्त आवाजात वाचायचे. गॅरेजचं टुमणं तिनेच लावलेलं, आणि ते आजचं नव्हतं. तिच्या वडिलांवर राहतं घर खाली करण्याचा दावा लागला होता. वकील परवडत नव्हता म्हणून ते तारखेला एकटेच जाऊन उभे राहिले. न्यायाधीशांनी काय विचारलं ते त्यांना कळलं नाही, आणि ते “हो साहेब” म्हणून परत आले. घर गेलं. ही हकीगत तिने सासरी एकदाच सांगितली होती. थोरल्या वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, “बिचारे” म्हणून विषय बदलला होता.

इतकी वर्षं “बघू” म्हणणारे दादा यंदा एकदम “करूच” म्हणाले, त्याला कारण होतं. गरिबांचा कळवळा यायलाही योग यावा लागतो. कोर्टाच्या मोफत मदत समितीचं अध्यक्षपद रिकामं झालं होतं, ते कुणाला द्यायचं हे एका निवृत्त न्यायाधीशांच्या शब्दावर ठरणार होतं, आणि ते न्यायाधीश आज उद्घाटनाला येणार होते.

उन्हं चढेपर्यंत खुर्च्या भरल्या. दादांच्या ऑफिसातले ज्युनियर, वहिनींच्या मैत्रिणी, आणि पुढे मऊ बैठकीच्या खुर्चीवर माई. माई म्हणजे दादांच्या आई, गेलेल्या आबांच्या पत्नी. बाजाराच्या पाठीमागची भाड्याची इमारत त्यांच्या नावावर होती, पण त्यांनी ती शेवटची कधी पाहिली ते त्यांनाही आठवलं नसतं. तिथलं सगळं छोटू बघायचा. छोटू म्हणजे धाकटीचा नवरा. केस पिकले, पोट सुटलं, तरी घरात तो छोटूच.

“सगळं झालं,” वहिनी धाकटीच्या कानाशी लागल्या, “पण गरीब कुठायत?”

“येतील.”

“कधी? साहेब घरून निघालेत. फोटोत आपलीच तोंडं दिसायची. तुझ्या त्या पत्रकांचं काय झालं?”

“वाटली ना घरोघर. लोक विचारत होते, वकील फुकट म्हणजे शेवटी लिहून काय घेणार?”

“मग आपल्या भांडीवालीला बसवू का पुढे? आज नेमकी चांगली साडी नेसून आलीय. बदलून यायला सांगते.”

धाकटीला हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. तेवढ्यात न्यायाधीश आलेच. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, आणि दादांनी भाषण केलं. पैसा नाही म्हणून दिवाणी कोर्टाच्या पायरीवरून माणूस परत फिरतो, घर गमावतो, पोटगी गमावतो, हक्काची मजुरी गमावतो, हे सगळं ते तळमळीने बोलले. भाषण धाकटीने लिहिलं होतं, त्यामुळे त्यात चुकीचं काही नव्हतं.

“छान,” न्यायाधीश म्हणाले, “मग आज मदत घ्यायला कोण आलंय?”

खुर्च्यांवरची सगळी माणसं एकमेकांकडे बघू लागली. आणि तेव्हा फाटकापाशी एक बाई दिसली. हातात पत्रक, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग, चपला काढाव्यात की नाही या विचारात उभी. वहिनींनी तिला हाताला धरूनच आत आणलं.

धाकटी आपल्या टेबलाकडे निघाली. पण दादा तिच्याआधी तिथे पोचले आणि खुर्चीत बसले सुद्धा. “तू पाणी आण यांच्यासाठी,” ते म्हणाले.

“दादा, आधी नाव-पत्ता लिहून घेते.”

“नाही. आबांची पद्धत. आधी गाऱ्हाणं, मग नाव.” हे ते धाकटीला कमी आणि न्यायाधीशांना जास्त सांगत होते. “नाव आधी विचारलं की माणूस ओळखीपाळखी आणि ऐपत सांगत बसतो, साहेब. दुखणं बाजूलाच राहतं.”

आता ही पद्धत ऐकायला फार सुंदर. पण बाकीचे वकील नाव आधी विचारतात ते काही हौस म्हणून नव्हे. समोरचा माणूस कुणाविरुद्ध आलाय ते आधी कळलं नाही तर एखाद्या दिवशी वकील दोन्ही बाजूंना जाऊन बसतो. धाकटीने हे पूर्वी बोलून पाहिलं होतं. आबांना कधी अडचण आली नाही, एवढंच उत्तर मिळालं होतं. ती पाणी आणायला गेली.

ती परत आली तेव्हा बाई बोलायला लागली होती.

“इस्त्री करते साहेब मी. रस्त्याकडेची तळमजल्याची खोली आहे. लग्न करून आले ती तिथेच आले. खिडकीतून लोक कपडे देतात, खिडकीतूनच मी परत देते. बाकीचे भाडेकरू मिळेल ते घेऊन गेले. मी नाही म्हटलं. त्या पैशात धंद्यासारखी खोली कुठे मिळते? मग पाणी बंद झालं. मग संडासाचं दार काढून नेलं. म्हटलं, असू दे. परवा दोन माणसं आली आणि दुरुस्ती म्हणून माझी खिडकी चौकटीसकट काढून घेऊन गेली.”

“चौकटीसकट?” दादा ओरडलेच.

“भिंतीला नुसतं भगदाड राहिलंय. धूळ येते. धुतलेल्या कपड्यांवर धूळ बसली तर गिऱ्हाईक थांबेल का? प्लास्टिक लावलं, तर इस्त्रीच्या वाफेने मीच गुदमरते.”

धाकटीच्या हातातला पेला तसाच राहिला. खिडकी. परवा सकाळी चहा पिताना छोटू फोनवर कुणाला तरी म्हणत होता, “पाण्याने हलत नाही ना, मग खिडकी काढा.” तिला वाटलं होतं, कुठल्या तरी कामावरच्या गवंड्याशी बोलतोय. तिने छोटूकडे पाहिलं. दाराशी उभ्या छोटूच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो तिला डोळ्यांनी खुणा करत होता: थांबव, थांबव त्याला.

थांबवणं सोपं होतं. “दादा, जरा आत या,” एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. नियमाने तेच करायला हवं होतं, हे तिला तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिने पेला बाईसमोर ठेवला आणि ती मूग गिळून उभी राहिली. तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली.

दादा आता रंगात आले होते. “बाई, नीट ऐका. खोली सोडायची नाही. कसल्याही कागदावर सही करायची नाही. मालक असला म्हणून काय झालं? बाहेर काढायचं तर कोर्टात यावं, हुकूम घ्यावा. पाणी तोडणं, खिडकी काढणं हा दांडगेपणा आहे. मनाई हुकूम मिळेल तुम्हाला, आणि खिडकी त्याच्याच खर्चाने बसवून मिळेल. असल्या मालकाला मी स्वतः कोर्टात उभा करतो.”

“वा,” न्यायाधीश म्हणाले. फोटो निघाले. ज्युनियरांनी टाळ्या वाजवल्या.

“मालक कोण आहे?” दादांनी विचारलं.

“मी कुठे पाहिलाय? भाडं न्यायला माणूस येतो. कुणी म्हातारी आहे म्हणतात.”

“पत्ता सांगा,” धाकटी म्हणाली.

बाईने सांगितला. बाजाराच्या पाठीमागची गल्ली, पिवळी इमारत, तळमजला.

“अगं बाई,” माई खुर्चीतून म्हणाल्या, चांगल्या खणखणीत आवाजात, “ही तर माझीच इमारत.”

असं म्हणतात की दादा कोर्टात कधी अडखळले नाहीत. कोर्टात असेलही तसं. गॅरेजमध्ये मात्र त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. न्यायाधीशांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि उठताना दादांच्या खांद्यावर हात ठेवला. “आईविरुद्ध उभं राहायचं म्हणजे कठीण,” ते म्हणाले, “पण शब्द दिलाय तुम्ही, माझ्यादेखत. मनाई हुकूम मिळाला की कळवा मला. समितीची बैठक त्यानंतर ठेवू.” आणि चहा न घेता गेले. टोमणा होता की कौतुक, हे दादांना पुढे कित्येक दिवस ठरवता आलं नाही.

बाईला खाली बसायला सांगून घरची माणसं वर दिवाणखान्यात जमली. दार लावून घेतलं.

“मला सांगायला काय झालं होतं तुला?” दादांनी छोटूला धरलं.

“तूच म्हणाला होतास, तपशील मला सांगू नकोस. नेमके हेच शब्द. इमारत रिकामी झाली की बोलू, म्हणालास.”

“म्हणून खिडक्या उपटायच्या?”

“पाणी तोडलं तेव्हा ठाऊक होतं तुला.”

दादांनी घसा साफ केला. “पाण्याची गोष्ट वेगळी.”

“मघाशी तर दोन्ही दांडगेपणा होते,” वहिनी म्हणाल्या. त्या आतापर्यंत नवऱ्याच्या बाजूने होत्या, पण अध्यक्षपद हातचं जातंय म्हटल्यावर त्या कुणाच्याच बाजूने राहिल्या नव्हत्या. “अहो, एवढं बोलायची गरजच काय होती? सामोपचाराने बघू म्हणायचं, संपलं.”

“साहेब बसले होते समोर.”

“त्यांच्यासमोर स्वतःच्या आईला दांडगी म्हणालात.”

“खिडकी काढायला कुणी सांगितलं?” माईंनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाल्या, “इमारत माझी आहे ना? मग मला कुणी विचारलं? पाणी तोडलं तेव्हा विचारलं? मी एवढी बाजूला पडले का?”

धाकटीला क्षणभर वाटलं, झालं, माई तरी आपल्या बाजूला आल्या. तिने पुढे होऊन म्हटलं, “माई, तुम्ही एक शब्द बोललात तर उद्या खिडकी बसेल. आणि बाई तिथेच राहतील.”

“खिडकी बसवा,” माई म्हणाल्या, “धूळ येणं वाईटच. पण इमारत पाडायचीच आहे. नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर मला गच्ची देणारेय छोटू. बाई कशी राहील तिथे?”

गच्चीचं हे प्रकरण दादांना नवीन होतं. त्यांनी छोटूकडे पाहिलं, छोटूने पंख्याकडे. मागच्या खोल्या हसत सोडणारा माणूस आता हसत नव्हता, आणि मग बराच वेळ इस्त्रीवाली कुणाच्या लक्षातच राहिली नाही. गच्ची कुणाची, कुणाच्या वाट्यातून, कुणी कबूल केली, यावर दोघं भाऊ वाटणीच्या दिवसांतल्यासारखे भांडले.

वहिनींनीच त्यांना जमिनीवर आणलं. “खाली ती बाई बसलीय,” त्या म्हणाल्या. “दुसरा वकील द्या तिला आणि मोकळे व्हा.”

दादांनी फोन लावले. गावातले निम्मे वकील दादांच्या हाताखाली तयार झालेले, उरलेल्यांना त्यांच्याशी वाकडं नको होतं. एकाने परगावी असल्याचं सांगितलं. मागे त्याच्याच घराजवळच्या देवळाची घंटा ऐकू येत होती. ती परगावी कशी पोचली, ते दादांनी विचारलं नाही. दुसऱ्याने फी विचारली. तिसरा नुसताच हसत राहिला. आपल्या दबदब्याचा दादांना त्या दिवशी पहिल्यांदाच राग आला असावा.

मग छोटूने बायकोकडे पाहिलं. कल्पना त्याची, हे पुढे त्याने नाकारलं, पण होती त्याचीच.

“हिलाच देऊ की केस.”

“मला?” धाकटी म्हणाली.

“मदत केंद्र तुझंच आहे. साहेबांनाही सांगता येईल, केंद्राने केस घेतली. शब्द पाळल्यासारखं होईल.” त्याचा आवाज मऊ झाला. “आणि तू घरातलीच. जरा सांभाळून घे म्हणजे झालं.”

“सांभाळून म्हणजे?”

“तारखा पडू देत,” दादा खिडकीबाहेर गाडीकडे बघत म्हणाले. कल्पना त्यांना पटली होती हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं. “घाई कशाला करायची? अर्ज जरा सैल लिहायचा. बाई काही वर्षभर पाण्यावाचून राहणार नाही. साहेबांना पाहिजे तो मनाई हुकूम कधी तरी मिळेलच, तोवर ती गेलेली असेल.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“मग केस कोण घेणार?” छोटूने विचारलं. खरंच विचारलं, छद्मीपणा नव्हता त्यात. “आणि उलट लढायला निघालीस, तर मात्र विचार कर. संध्याकाळी याच टेबलावर जेवायचंय आपल्याला. माईंना कोर्टात खेचणारी सून म्हणून कोण काय म्हणेल ते मला नाही सांगता यायचं.”

वहिनी तिच्याकडे बघत होत्या. माई बघत होत्या. लग्नानंतर पहिल्यांदाच या दिवाणखान्यात सगळे तिच्या उत्तरासाठी थांबले होते. तिला वडील आठवले, आणि त्यांचं ते “हो साहेब”. इथे हो म्हणणं त्याहूनही सोपं होतं. घर राहणार होतं, नवरा राहणार होता, ऑफिसातलं आतलं टेबल राहणार होतं.

“बरं,” ती म्हणाली, “मी घेते केस.”

एवढ्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कशी घेणार, ते कुणी विचारलं नाही.

दादा तिच्याबरोबर खाली आले. मघाचं बोलणं जरा गुळमुळीत करून टाकावं असा त्यांचा बेत होता. गॅरेजमधल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बाई टेबलासमोर होती तशीच बसलेली. ती पाणीही प्यायली नव्हती.

“हे बघा बाई,” दादांनी सुरुवात केली, “मघाशी मी जे बोललो ते एक सर्वसाधारण…”

“खोटं होतं का ते, साहेब?”

“खोटं कसं असेल?”

“मालक तुम्हीच निघालात म्हणून विचारते. दुसरा कुणी असता तर कायदा वेगळा, आणि तुम्ही असलात तर वेगळा, असं असतं का?”

प्रश्न तिने सरळ विचारला होता, पण दादांच्या वर्मी बसला. आईची गच्ची, भावाची नवी इमारत, स्वतःचं अध्यक्षपद, सगळं एका पारड्यात होतं. आणि दुसऱ्या पारड्यात एवढंच की, कायद्याचा मुद्दा आपण चुकीचा सांगितला असं या माणसाने जन्मात कबूल केलं नव्हतं. आजही त्यांच्याने होईना.

“शब्दन् शब्द बरोबर होता,” ते ताठ होत म्हणाले. “कुठल्याही कोर्टात टिकेल.” आणि मग आपण काय बोलून बसलो ते लक्षात येऊन झटकन गाडीकडे निघून गेले.

धाकटी खुर्चीत बसली. पहिल्यांदाच बसली त्या खुर्चीत. वरून माईंच्या बोलण्याचा आवाज येत होता, बहुधा पुन्हा गच्चीच.

“तुमची केस मी घेतलीय,” ती म्हणाली. “पण सही करण्याआधी एक ऐका. मी यांची सून आहे. मालकीणबाई माझ्या सासूबाई, खिडकी काढायला सांगणारा माझा नवरा. आणि केस मला दिलीय ती मी ढिलाई करावी म्हणून. वर आत्ता तसंच ठरलंय. मी तसं करणार नाही. पण माझ्या शब्दावर तुम्ही विश्वास का ठेवावा, ते मला सांगता येत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मला जराही राग येणार नाही.”

बाईने ते सगळं नीट ऐकून घेतलं. मनगटावरचा डाग तिने अंगठ्याने चोळला.

“दुसरं कुणी आहे?”

“नाही,” धाकटी म्हणाली. “सगळ्यांना विचारून झालं.”

“मग मला कशाला विचारता, ताई,” बाई म्हणाली आणि तिने पेनसाठी हात पुढे केला.